फ्रेममध्ये कॅनव्हासला थोडी मोकळीक हवी

प्रश्न : कॅनव्हासच्या मापाची तंतोतंत फ्रेम करून घेतली, पण चित्र आत जाताना अडकतं. दाबून बसवू का?

अजिबात दाबू नका. हवेतल्या दमटपणाने लाकूड आणि कापड दोन्ही कमी-जास्त होतात. पुढे कापड सैल पडलं, की स्ट्रेचरच्या (कापड ज्यावर ताणलेलं असतं त्या लाकडी चौकटीच्या) कोपऱ्यांतल्या पाचरी हलकेच ठोकून ते ताणावं लागतं, तेव्हा स्ट्रेचरही किंचित मोठा होतो. या सगळ्याला जागा हवी. म्हणून फ्रेमच्या मागची खाच लांबी-रुंदीला चित्रापेक्षा सुमारे ३ मिमी जास्त असावी. माप घेताना कोपरे विसरू नका. तिथे कापडाच्या घड्या असतात आणि चित्र नेमकं तिथेच अडकतं.

तुमच्या बाबतीत खाच तासून रुंद करून घ्या. स्ट्रेचरला मात्र रंधा लावू नका. मग खाचेच्या ज्या कडेवर चित्राचा दर्शनी भाग टेकतो, तिथे फेल्टची पातळ पट्टी चिकटवा, म्हणजे रंग घासला जाणार नाही. चित्र मध्यावर राहावं म्हणून बाजूच्या फटीत कॉर्कचे छोटे तुकडे सरकवा. ते घट्ट ठोकले, तर एवढं करून काहीच साधलं नाही.

प्रश्न : स्ट्रेचर फ्रेमच्या मागे अर्धा इंच बाहेर येतो. खिळे मारून पक्का करावा का?

खिळे नकोत. हातोडीच्या प्रत्येक ठोक्याचा हादरा रंगाच्या थराला बसतो, आणि जुन्या चित्राचे पोपडे सुटू शकतात. झेडच्या आकाराच्या पत्र्याच्या ऑफसेट क्लिपा मिळतात, त्यातल्या अर्ध्या इंचाच्या घ्या. क्लिपचं एक टोक स्ट्रेचरवर नुसतं टेकतं, दुसरं फ्रेमला स्क्रूने बसतं. स्ट्रेचरमध्ये स्क्रू घालायचा नाही. आधी ड्रिलने बारीक भोक पाडा आणि स्क्रू फ्रेमच्या जाडीपेक्षा आखूड आहे ना, ते पाहा. मध्यम आकाराच्या चित्राला दर बाजूला दोन क्लिपा पुरतात.

प्रश्न : तैलचित्रावर काच लावावी का?

सहसा गरज नसते, वॉर्निश पुरेसं रक्षण करतं. लावायचीच असेल, तर काच आणि रंग यांच्यात अंतर ठेवणारी पट्टी हवीच.

प्रश्न : चित्राच्या कडाही रंगवल्या आहेत. त्या झाकल्या जाऊ नयेत.

मग फ्लोटर फ्रेम घ्या, म्हणजे कडा न झाकता चित्राभोवती फट ठेवणारी फ्रेम. तिच्यात चित्र समोरून ठेवतात आणि मागून स्क्रू लावतात. इथे मात्र स्क्रू स्ट्रेचरच्या लाकडातच जातो, त्यामुळे त्याची लांबी दोनदा मोजा. टोक कापडापर्यंत पोहोचता कामा नये. चारही बाजूंची फट सारखी दिसली तरच ही फ्रेम शोभते. ५-६ मिमी जाडीच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या फटीत उभ्या करा, स्क्रू आवळा आणि मगच पट्ट्या काढा. टांगायच्या डी-रिंगा स्ट्रेचरला न लावता फ्रेमलाच लावा, वरून साधारण एक तृतीयांश अंतरावर.