पावसाळ्यात चिखलदऱ्याला पहिल्यांदा जाताय?

पेट्रोल परतवाड्यातच भरून घ्या. तिथून चिखलदरा घाटरस्त्याने सुमारे ३० किलोमीटर. चढताना त्रास नाही, खरी परीक्षा उतरताना. सतत ब्रेक दाबून ठेवला तर तो तापतो आणि ऐन वळणावर लागत नाही. ज्या गिअरवर चढलात त्याच गिअरवर उतरा. धुक्यात हेडलाइट लोवरच ठेवा, अपरचा उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो.

गाविलगडाला सकाळीच निघा, दुपारनंतर धुकं कधी उतरेल नेम नाही. माणशी दोन लिटर पाणी आणि खोल खाचांच्या तळव्याचे बूट हवेतच. दरवाज्याच्या चिऱ्यांवर हिरवं शेवाळ असतं, तिथे चप्पल हमखास सटकते. आत गवत कमरेएवढं वाढतं, तलावाचा काठ दिसत नाही, म्हणून पायवाट सोडू नका. किल्ला १८०३ साली इंग्रजांनी घेतला, त्या तटबंदीसाठी निवांत वेळ ठेवा.

खोल दरीतलं भीमकुंड कठड्याच्या आतूनच बघा. फोटोसाठी पलीकडे उतरू नका, ओल्या काळ्या दगडावर पाय धरत नाही. मेळघाटच्या जंगलरस्त्यावर गाडीतून उतरू नका, माकडांना खाऊ तर मुळीच देऊ नका.