गेलेल्या माणसाची मीटिंग

प्रश्न : आमच्या टीममधील एकाने नोकरी सोडली. त्याने लावलेली सोमवारची मीटिंग मात्र आउटलुकमध्ये सगळ्यांच्या कॅलेंडरवर तशीच आहे. मी डिलीट केली तरी इतरांना रिमाइंडर येतच राहतात. काय करावे?

उत्तर : तुम्ही डिलीट करता ती फक्त तुमची प्रत. मूळ मीटिंग आयोजकाच्या मेलबॉक्समध्ये असते आणि सगळ्यांसाठी ती रद्द करण्याचा अधिकार त्याच मेलबॉक्सला. आउटलुकमध्ये चालू मीटिंगचा आयोजक बदलता येत नाही. (गूगल कॅलेंडरमध्ये ‘चेंज ओनर’ आहे, मायक्रोसॉफ्टला हे का सुचू नये, कोण जाणे!) त्याचा मेलबॉक्स अजून शिल्लक असेल तर आयटीवाल्यांना गाठा. एक्स्चेंज ऑनलाइनमध्ये (मायक्रोसॉफ्टची कंपन्यांसाठीची मेलसेवा) ‘रिमूव्ह-कॅलेंडरइव्हेंट्स’ ही कमांड त्याच्या पुढच्या सगळ्या मीटिंगा रद्द करून सर्वांना तशी सूचना पाठवते. मेलबॉक्स उडाला असेल तर मात्र प्रत्येकाने मीटिंग उघडून संपूर्ण मालिका काढायची. नुसता एक सोमवार काढला तर पुढचा हजर. नवी मीटिंग लावताना रिकरन्समध्ये (मीटिंग पुन्हा पुन्हा येण्याची सेटिंग) ‘एंड बाय’ची, म्हणजे शेवटची तारीख घालाच, फार तर सहा महिन्यांची.

प्रश्न : मेलची मर्यादा २० एमबीची, जोडलेली फाइल १६ एमबीची, तरी मेल परत येतो. का?

उत्तर : मेलमधून जाताना जोडलेली फाइल बेस-६४ पद्धतीने अक्षरांत बदलते. दर ३ बाइट्सचे ४ होतात, म्हणजे १६ चे २१ एमबीच्या वर. १४ पर्यंत ठेवा, नाहीतर लिंक पाठवा.