वाचकांचे प्रश्न : मुलांचा सोरायसिस

प्रश्न : माझी मुलगी ८ वर्षांची आहे. आधी डोक्यात कोंड्याचे जाड थर दिसले, मग कोपरांवर आणि गुडघ्यांवर पांढरे खवले असलेले लाल चट्टे आले. नायटा समजून औषधाच्या दुकानातून मलम आणलं. आठवड्यात सगळं गेलं, पण मलम थांबवल्यावर दुप्पट उठलं. आता त्वचारोगतज्ज्ञ सोरायसिस म्हणतात. त्यांनी वेगवेगळी मलमं दिली आहेत, पण स्टेरॉइडची भीती वाटते. शाळेत तिच्या बाकावर कुणी बसत नाही.
— एक आई, सातारा

उत्तर : शाळेचं आधी. सोरायसिस स्पर्शाने, डब्यातून, टॉवेलमधून, कशानेही पसरत नाही. डॉक्टरांकडून तसं दोन ओळींत लिहून घ्या आणि वर्गशिक्षकांना भेटून द्या. हे उद्यावर टाकू नका.

दुकानातून आणलेल्या अशा अनेक मिश्र मलमांत बुरशीनाशकाबरोबर क्लोबेटासोलसारखं तीव्र स्टेरॉइड असतं. चट्टे गेले ते त्यानेच, आणि ते एकदम बंद झालं म्हणून उसळले. म्हणजे भ्यायचं ते मोजमाप नसलेल्या स्टेरॉइडला. डॉक्टरांनी जागा पाहून दिलेलं स्टेरॉइड हा या आजारातला पहिला आणि भरवशाचा उपचार आहे.

वेगवेगळी मलमं देतात कारण कातडी सगळीकडे सारखी जाड नसते. कोपर-गुडघ्यांना मोमेटासोनसारखं मध्यम ते तीव्र स्टेरॉइड लागतं. चेहरा, काखा, जांघा इथे तेच लावलं तर कातडी पातळ होते, म्हणून तिथे हायड्रोकॉर्टिसोन हे सौम्य स्टेरॉइड किंवा ०.०३ टक्के टॅक्रोलिमस हे बिनस्टेरॉइडचं मलम देतात. ट्यूबवर पेनाने ‘गुडघे’, ‘चेहरा’ असं लिहून ठेवा. घरात लावणारे हात दोन असले की अदलाबदल होतेच.

किती लावायचं? मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून पिळलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. तेवढं मलम मोठ्या माणसाच्या दोन तळव्यांएवढ्या, बोटांसकट, जागेला पुरतं. भीतीपोटी निम्मंच लावलं की चट्टा अर्धवट राहतो आणि औषध जास्त दिवस चालवावं लागतं. साधारणपणे दोन ते चार आठवडे दिवसातून एकदा, चट्टा सपाट झाला की दिवसाआड, मग आठवड्यातून दोनच दिवस, असं उतरवत आणतात. हा उतार तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. कॅल्सिपोट्रिऑल (ड जीवनसत्त्वासारखं काम करणारं मलम) दिलं असेल तर त्याच जागी त्याच वेळी खवले सोडवणारं सॅलिसिलिक अ‍ॅसिड लावू नका, त्याने कॅल्सिपोट्रिऑल निकामी होतं.

डोक्यासाठी संयम हवा. रात्री खोबरेल तेल टाळूवर मुरवा, सकाळी रुंद दातांच्या फणीने सुटेल तेवढाच थर काढा. डॉक्टरांनी दिलेला कोल टारचा (कोळशाच्या डांबराचा) शाम्पू पाच ते दहा मिनिटं ठेवून धुवा. डोकं कोरडं झाल्यावर भांग पाडत पाडत औषधी लोशन टाळूला लावा. केसांना लागलेलं वाया गेलं. नखाने खपली उचकटली की जखमेच्या जागी नवा चट्टा येतो. ताणून घातलेल्या वेण्यांनीही केसांच्या मुळाशी आजार भडकतो, म्हणून वेणी सैल घाला.

अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच सगळीकडे साधी पेट्रोलियम जेली किंवा बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा. छोटी ट्यूब पुरत नाही, डबाच घ्या. औषधी मलम आणि हे, यांत पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या.

प्रश्न : मुलगा ११ वर्षांचा. घसा दुखून ताप आला, नंतर दोन-तीन आठवड्यांत पाठीपोटावर थेंबांसारखे बारीक लाल डाग उठले. हे आयुष्यभराचं आहे का?
— एक वडील, लातूर

उत्तर : वर्णन गटेट, म्हणजे थेंबांसारख्या डागांच्या, सोरायसिसशी जुळतं. घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूनंतर तो मुलांत बऱ्याचदा येतो आणि पुष्कळांचा तीन-चार महिन्यांत ओसरतो. काहींना पुढे जाड चट्टे येतात, म्हणून तपासणीला जात राहा. घशाचा स्वॅब करून घ्या. जंतू सापडले तर अँटिबायोटिकचा कोर्स पुरा करा. तो घशासाठी आहे, डाग त्यानेच जातील अशी खात्री नाही. डाग फार असतील तर नॅरोबँड यूव्हीबी (ठरावीक अतिनील किरणांचा) प्रकाश आठवड्यातून दोन-तीनदा देतात, डोळ्यांवर गॉगल आणि जननेंद्रियं झाकून. स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शन ‘लवकर बरं करायला’ कुणी सुचवलं तर नाही म्हणा. ते थांबवल्यावर पू भरलेल्या फोडांचा गंभीर सोरायसिस उठू शकतो.

प्रश्न : १३ वर्षांच्या मुलीला मेथोट्रेक्सेट सांगितलंय. हे तर कॅन्सरचं औषध ना?
— एक आई, ठाणे

उत्तर : कॅन्सरमध्ये त्याचे डोस बरेच मोठे असतात. इथे दर किलो वजनाला ०.२ ते ०.४ मिलिग्रॅम, तेही आठवड्यातून एकदाच. ‘एकदाच’ याच शब्दावर सगळं अवलंबून आहे. चुकून रोज दिलं तर तोंडात फोड येतात, पांढऱ्या पेशी घटतात, जीवावर बेतू शकतं. वार ठरवा, पाकिटावर लिहा आणि गोळी मोठ्यांनीच द्या. २.५ आणि १० मिलिग्रॅमच्या गोळ्या दिसायला सारख्या असू शकतात, दर खेपेला आकडा वाचा. फॉलिक अ‍ॅसिड इतर दिवशी असतं. सुरू करण्याआधी आणि नंतर ठरलेल्या अंतराने रक्तपेशी, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या होतात, त्या चुकवू नका. ताप आला तर पुढचा डोस विचारूनच. दुसऱ्या डॉक्टरांनी सल्फा-ट्रायमेथोप्रिम हे अँटिबायोटिक लिहिलं तर मेथोट्रेक्सेट चालू आहे हे आवर्जून सांगा. दोन्ही मिळून रक्तपेशी धोकादायक घटतात. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात.

त्यानेही भागलं नाही तर मुलांसाठी बायोलॉजिक (प्रतिकारशक्तीतला ठरावीक दुवा रोखणारी) इंजेक्शनं आहेत: अमेरिकेत एटानर्सेप्टला ४ वर्षांपासून, सेक्युकिनुमॅबला ६ वर्षांपासून मान्यता आहे. आपल्याकडे ती देण्याआधी क्षयाची तपासणी झालीच पाहिजे. मुलीला सकाळी उठल्यावर सांधे आखडत असतील, एखादं बोट सुजलं असेल किंवा टाच दुखत असेल तर ते याच भेटीत सांगा. सांध्यांना आजार पोचला असेल तर औषधाची निवडच बदलते.