महापे एमआयडीसीतल्या आमच्या जुन्या ट्रान्सफॉर्मरचं तेल भंगारवाल्याला विकलं तर चालेल का?

अजिबात नको, आधी तपासणी करा. नेमप्लेटवर ‘अस्कारेल’ लिहिलं असेल तर आत पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल, एक विषारी रसायन) आहे. ते पाण्यात टाकलं की तळाशी बसतं. साधं तेल तरंगतं. पण तरंगलं म्हणून निर्धास्त होऊ नका, पीसीबीची थोडी भेसळ असली तरी तेल तरंगतंच. त्यासाठी लॅबच हवी. 50 पीपीएमच्या (दहा लाखात 50 भाग) वर निघालं तर ते पीसीबीच धरतात.

पीसीबीसारख्या टिकून राहणाऱ्या विषारी रसायनांवरचा आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करार 2001चा, भारताने 2006मध्ये मान्य केला. त्यात अशी उपकरणं वापरायची मुदत 2025, विल्हेवाटीची 2028. विल्हेवाट म्हणजे 1100 अंशांवरची भट्टी किंवा सोडियमने क्लोरीन काढणं. भंगारवाला तांब्यासाठी उघड्यावर जाळतो, त्यातून डायॉक्सिन हे अतिविषारी रसायन निघतं. प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवा, आणि तोवर खाली ट्रे ठेवा.