आधी तुझे बारा किल्ले ठरव

पहाटेचा व्यायाम, उपास, मोबाइल बंद, सगळं एकदम सुरू केलंयस. जिद्द आवडली, पण मावळ्यांकडून शौर्याआधी माघार शिक. जून १६६५ मध्ये पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी २३ किल्ले दिले, १२ राखले. आग्र्याहून सुटल्यावरही ते लगेच उसळले नाहीत; राज्याची घडी बसवली आणि १६७० मध्ये फेब्रुवारीत कोंढाणा, मार्चमध्ये पुरंदर परत घेतला. मधली ती शांत वर्षं मला सगळ्यात मोलाची वाटतात. माझा गुडघा दुखावला तेव्हा मी बैठका सोडल्या, तालमीतली हजेरी नाही सोडली; आठ महिन्यांनी बैठका परत आल्या. तू सध्या दोनच गोष्टी राख: पुरेशी झोप आणि रोज अर्धा तास चालणं. बाकीचं दिवाळीनंतर बघू.