उंदीर कुठला वापरणार, ते आधी विचारून घे

खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्या कर्करोग संशोधन केंद्रात, दोन वर्षं प्रकल्पावर काम केलंस, आता फ्रायबुर्गला पीएचडीची जागा मिळतेय आणि विषय आहे ह्युमनाइज्ड, म्हणजे माणसाच्या पेशी अंगात घातलेल्या, उंदरांमधला जीव्हीएचडी, म्हणजे मूळपेशी प्रत्यारोपणानंतर दात्याच्या पेशी रुग्णावरच उलटतात तो आजार. उंदराला कधी हात लावला नाहीस, आणि ऐरोलीला आई-बाबांना काय सांगावं कळत नाही, असं लिहिलंस. ताई म्हणालीस, म्हणून मोकळेपणानं लिहिते. मी नौपाड्यातली, जर्मनीत आठ वर्षं झाली, त्यातली पाच याच उंदरांबरोबर गेली.

पैशाचं आधी उरकते. ई१३ या इथल्या वेतनश्रेणीच्या ६५ टक्के पगारात एकटीचं नीट भागतं. पण करार तीनच वर्षांचा असेल, तर प्राण्यांवरच्या प्रयोगाची सरकारी परवानगी आधीच आलेली आहे का, ते विचार. नसेल तर कित्येक महिने त्यातच जातात.

आता मुख्य प्रश्न. एनएसजी जातीच्या उंदरात स्वतःच्या टी, बी आणि एनके या रोगप्रतिकारक पेशी नसतात, त्यामुळे तो माणसाच्या पेशी नाकारत नाही. त्याला प्रौढ दात्याच्या रक्तातल्या पीबीएमसी, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, टोचल्या की त्यातल्या टी पेशी उंदरावर तुटून पडतात. साधारण चार ते सहा आठवड्यांत वजन उतरतं, पाठीला पोक येतं, केस पिंजारतात. दुसरा मार्ग नाळेच्या रक्तातल्या सीडी३४ ही खूण असलेल्या मूळपेशींचा. त्यात माणसाची प्रतिकारयंत्रणा उंदराच्या अंगात घडायला तीन महिने तरी लागतात, आणि टी पेशी उंदराच्याच थायमस ग्रंथीत तयार होतात, म्हणून त्या त्याच्यावर इतक्या लवकर उलटत नाहीत. यातला कुठला उंदीर, यावर तुझी सगळी वर्षं ठरतील.

आजाराच्या या उंदरातल्या प्रतिकृतीची मर्यादाही ओळखून ये. रुग्णात दात्याच्या पेशी दुसऱ्या माणसाला परकं मानतात. इथे त्या उंदराला परकं मानतात. हे विसरून काढलेले निष्कर्ष मला फार खटकतात. तरीही, फक्त माणसाच्या प्रथिनाला चिकटणारं एखादं प्रतिपिंड साध्या उंदरात तपासताच येत नाही, तिथे हाच उंदीर कामाला येतो. आणि दाते अनेक घे. पहिल्या वर्षी एकाच दात्याच्या रक्तावर मला सुंदर निकाल मिळाला होता, दुसऱ्या दात्यात तो उतरलाच नाही. सहा महिने गेले.

सगळ्यांत जड जातं ते आजार किती वाढला याचे उंदराला रोज गुण देणं. वजन, पाठ, केस, त्वचा, हालचाल, हे सगळं पाहायचं, बाहेर बर्फ पडत असताना रविवारीसुद्धा. वजन सुरुवातीपेक्षा २० टक्क्यांनी उतरलं की सहसा त्या जीवाला तिथेच वेदनारहित मरण द्यावं लागतं, आणि ते तुझ्या हातून होईल. मुंग्यांना साखर घालणाऱ्या आजीच्या घरात मी वाढले. पहिल्या वेळी रात्रभर झोप लागली नाही. आजही ते सोपं झालेलं नाही, आणि होऊ नये असंच मला वाटतं. तुमच्या आवारात प्राणीगृह आहे. सही करण्याआधी परवानगी घेऊन तिथे काही दिवस नुसती उभी राहा. शेपटीच्या शिरेत सुई घालायला इथल्या कोर्समध्ये शिकवतील. हे बघणं मात्र आधीच व्हायला हवं. माणसाचं रक्त हाताळायचंय, तेव्हा हेपॅटायटिस बीची लस राहिली असेल तर तीही घेऊन टाक.

आई-बाबांना प्रत्यारोपण विभागाबद्दल सांग, तोही तुमच्याच आवारात आहे. ल्युकेमियातून वाचलेल्या माणसाची त्वचा, यकृत, आतडी नव्या पेशी पोखरतात, ते थांबवायचं हे काम आहे. स्टेरॉइडला दाद न देणाऱ्या तीव्र जीव्हीएचडीसाठी २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या रुक्सोलिटिनिब या औषधाचा गुण आधी उंदरांतच दिसला होता, हेही सांग.

उंदराबद्दल आणि परवानगीबद्दल प्रयोगशाळेचं उत्तर आलं की मला कळव, मग व्हिसाचं बघू.