वाचकांचे प्रश्न : खाऱ्या पाण्याची टाकी

प्रश्न : 200 लिटरच्या टाकीतलं अळंबीसारखं लेदर कोरल (एक मऊ प्रवाळ) दहा दिवस मिटलेलंच आहे. वर मेणासारखा पापुद्रा आलाय. उकाड्यामुळे दहा दिवसांपूर्वीच पाण्यावर पंखा लावला. रोज तीन लिटर पाणी आटतं, तेवढंच मीठ मिसळून भरतो. कोरल मरतंय का?
— एक वाचक, देवगड

उत्तर : पापुद्र्याची काळजी नको. हे कोरल अधूनमधून कात टाकतं. त्या दिवसांत पॉलिप (त्याच्यावरचे फुलासारखे बारीक जीव) आत ओढलेले असतात आणि एक-दोन आठवडे ते उघडत नाही. नखाने खरवडू नका. पॉवरहेडचा (टाकीत पाणी फिरवणाऱ्या पंपाचा) झोत थोडा त्याच्याकडे वळवा, पापुद्रा आपोआप सुटून जाईल. मात्र देठ बुळबुळीत होऊन तपकिरी पडला, हाताला घाण वास आला, तर ती सड आहे. धारदार ब्लेडने निरोगी भागापर्यंत कापून टाका.

खरी भीती आहे ती तुमच्या भरणीच्या पाण्याची. वाफ होते ती नुसत्या पाण्याची, मीठ टाकीतच राहतं. लिटरला 35 ग्रॅम धरलं तर तीन लिटरमागे रोज 105 ग्रॅम मीठ जादा पडतंय. दहा दिवसांत ते किलोच्या वर गेलं आणि 35 ची क्षारता (लिटरमागे मिठाचे ग्रॅम) 40 च्या घरात पोचली. एवढ्या खारात पापुद्रा गळला तरी कोरल फुलणार नाही.

आजपासून भरणी फक्त गोड्या पाण्याने करा. काचेवर पट्टी चिकटवून पातळीची खूण ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ तिथपर्यंत भरा. वाढलेला खार मात्र एका दिवसात उतरवू नका, त्या धक्क्याने जास्त नुकसान होतं. रोज टाकीतलं पाच लिटर पाणी काढून पाच लिटर गोडं घाला. साधारण 1 ने आकडा उतरतो. 35 ला थांबा. क्षारता मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर आरओच्या (फिल्टरने शुद्ध केलेल्या) पाण्यावर नव्हे, 35 च्या प्रमाण द्रावणावर जुळवून घ्या, नाहीतर मापच चुकेल.

गोडं पाणी म्हणजे विहिरीचं नव्हे. जांभ्यातल्या पाण्यात लोह येऊ शकतं, पितळी तोट्यांतून तांबं उतरतं. प्यायच्या आरओतही टीडीएस (विरघळलेले क्षार) शिल्लक राहतो. त्याच्यापुढे डीआय रेझिनचा (उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांचा) डबा जोडा आणि टीडीएस मीटरवर शून्य दिसल्यावरच वापरा.

पंख्याने पाणी दोन-तीन अंश उतरतं, टाकी 25-26 अंशांवर राहिली तर उत्तम. पावसाळ्यात हवाच दमट, तेव्हा पाणी कमी आटतं आणि पंख्याचा गुणही कमी येतो. तेव्हा भरणीही त्या मानाने कमी करा.

प्रश्न : समुद्र दोनशे पावलांवर आहे. तिथलंच पाणी आणि खडकावरचं एखादं कोरल आणलं तर?
— एक वाचक, मालवण

उत्तर : कोरल नको, कोरलचा दगडही नको. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 पासून आहे. शिवाय दगडी प्रवाळ आणि समुद्रपंखे यांना 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. टाकीत वाढवलेला तुकडा विकत घ्या, तो टाकीला सरावलेलाही असतो.

पाणी जून ते सप्टेंबर अजिबात आणू नका. नद्यांच्या पुराने किनाऱ्यालगतचा खार उतरतो आणि गाळ येतो. डिसेंबर ते मार्चमध्ये आणायचं तर भरतीच्या वेळी, खाडीच्या मुखापासून आणि डिझेलचा तवंग असलेल्या जेटीपासून लांबून. 5 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा आणि क्षारता मोजूनच टाका. तरीही आमची पसंती विकतच्या सागरी मिठाच्या मिश्रणालाच, कारण त्यात दर खेपेला काय येतं ते ठाऊक असतं.

प्रश्न : नायट्रेट शून्यावर आणलं, तरी मशरूम आणि झेनिया ही मऊ कोरलं फिकट का पडतात?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : शून्यावर आणल्यामुळेच. सॉफ्ट (मऊ) कोरलना नायट्रेटमधूनही पोषण मिळतं. नायट्रेट 5 ते 15 आणि फॉस्फेट 0.03 ते 0.1 पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) असू द्या. फॉस्फेट शोषणारा मीडिया काढा आणि माशांचं खाणं थोडं वाढवा. फिल्टरमधला ॲक्टिव्हेटेड कार्बन मात्र काढू नका. ही कोरलं एकमेकांवर रसायनं सोडतात, ती तोच धरून ठेवतो. महिन्याने तो बदला.